मी नादुरुस्त नव्हतो

मी फुटबॉल संघटनेच्या सभागृहातला माईक बोलतोय. हसू नका. बावीस वर्षं माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी जाळी चकचकीत होती. पहिल्याच दिवशी सचिवांनी टिचक्या मारल्या, फुंकर घातली आणि "हॅलो, हॅलो" म्हणत माझ्यावर थुंकी उडवली. मोठ्या कॉलेजांचे प्राचार्य मला हक्काने जवळ ओढतात. लहान कॉलेजांचे लोक दोन हात लांब उभे राहतात, जणू मी चावतो.

दरवर्षी इथे 'लहान महाविद्यालयांतील गुणवंत खेळाडू' असा सत्कार होतो. त्याची रीत ऐका. सत्कार लहानांचा, पण मोठ्या कॉलेजच्या खेळाडू मुलीला नावानिशी बोलावतात, तिचे गोल वाचून दाखवतात, वर 'दोन शब्द' बोलायला लावतात. लहान कॉलेजच्या मुलींना रांगेत उभं करून पदकं घालतात, फोटो काढतात आणि 'वेळेअभावी' खाली उतरवतात. वेळ कुणी खाल्लेला असतो ते मला विचारा. सचिवांचं भाषण माझ्यातूनच जातं.

यंदा त्या रांगेत एक गोलकीपर होती. मैत्रिणी तिला 'भिंत' म्हणत. पदकं घालून झाली आणि सचिव पाहुण्यांच्या कानाला लागले, "पुढच्या वर्षीपासून पाचशेच्या आत विद्यार्थी असलेली कॉलेजं स्पर्धेतूनच काढतोय. उगाच तारखा वाढतात. आज पदकं दिली, म्हणजे ओरड नको."

मी चालू होतो. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

सचिवांनी झडप घालून माझं बटण दाबलं. तोवर भिंत पुढे आली होती.

"सर, मला बोलायचंय."

"अगं बाळा, माईक बिघडलाय बघ."

"असू दे. मला लागत नाही."

नव्वद मिनिटं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ओरडून सूचना देणारा गळा तो! शेवटच्या रांगेतले डुलकी घेणारेही ताठ बसले.

"आमच्या कॉलेजात दोनशे दहा पोरं-पोरी. अकरा जणी जमतात, बारावी जमत नाही. सेंटर बॅकचा पाय मुरगळला तरी तीच खेळते. तरी सहा मॅचमध्ये मी दोन गोल खाल्ले. आम्ही खेळायचंच नसेल, तर हे पदक कशाचं? निरोपाचं?"

"खाली उतर! शिस्त आहे की नाही?" सचिव किंचाळले. माझ्याशिवाय त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही.

तेवढ्यात एका मोठ्या कॉलेजची कॅप्टन उठली. "त्यातला एक गोल माझा आहे. तो मारायला मला तीन वर्षं लागली. हिला काढणार असाल तर आमचंही नाव काढा."

दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'माईक नादुरुस्त असल्याने खेळाडूंचे मनोगत नोंदवता आले नाही.'

खोटं! साफ खोटं! आयुष्यात पहिल्यांदा मी खरं ऐकवलं आणि त्याच दिवशी मला नादुरुस्त ठरवलं. आता मी गोलच्या फाटक्या जाळ्या ठेवतात त्या कपाटात पडून आहे. गळ्यात चिठ्ठी आहे, 'भंगार'. त्याचं दुःख नाही. राग आहे तो त्या दोनशे खुर्च्यांवरच्या माणसांचा, ज्यांनी सगळं ऐकलं आणि जी चहा पिऊन घरी गेली.

लहान कॉलेजं काढायच्या नियमावर मतदान शनिवारी आहे. सभा खुली आहे. तुम्हाला माईक देणार नाहीत. तरी जा.