हाळी आणि दावं

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून पळवतात. मालक गाडीवरून हाळी देतो आणि म्हैस शिंगं उडवत त्याच्या मागे सुटते. कसबा बावड्याच्या प्रसेनजीतने आणि त्याच्या मैत्रिणीने, गवळ्याच्या वर्षाराणीने, यावरच मोबाइलवरचा खेळ केला होता. फोनमध्ये हाक मारायची. आवाज ओळखीचा असेल तरच आपली म्हैस येणार. लोकांनी तो डोक्यावर घेतला. निपाणीपासून पार आखातापर्यंत जो तो आपापली म्हैस घडवून खेळात सोडू लागला.

पण खेळ ज्या इंजिनावर, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा, ते म्हातारं झालं होतं. ते बनवणाऱ्या कंपनीने कधीच हात झटकलेले. नव्या फोनवर खेळ उघडेना, तरी प्रसेनजीत ठिगळावर ठिगळ लावत बसलेला. गडी मोडेल, पण वाकणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी वर्षाराणीच्या गोठ्यातली म्हैस विकली. गिऱ्हाईक दावं धरून निघालं, तसं तिने अडवलं.

"पावणं, म्हस न्या. दावं आमच्या घरात ऱ्हातंय, रीतच हाय तशी."

मग शेजारी उभ्या प्रसेनजीतकडे वळून म्हणाली, "तू म्हशीसंगं दावंबी न्यायला बघतोयस. म्हशी नव्या इंजिनावर ने, जुनं हितंच ठेव की!"

"मग आवाजाची ओळख पुसणार, ती जुन्यातच हाय. म्हशी कुणाचाच आवाज ओळखणार न्हाईत."

"ज्याची म्हस, त्यानं परत येऊन हाळी द्यायची. पयली हाळी, तीच नवी ओळख."

"आन् कोण आलंच न्हाय तर?"

"तर खेळ संपला."

सगळ्या खेळणाऱ्यांना निरोप धाडून पाडव्याच्या सकाळी त्यांनी नव्या इंजिनावर खेळ उघडला. पडद्यावर सगळ्या म्हशी मुक्या उभ्या.

तेवढ्यात कुणा बाईची हाळी आली, मागे कुकरची शिट्टी. एका म्हशीने कान टवकारले. मग एक म्हातारा खोकत ओरडला. मग जहाजावरून कुणी, वाऱ्यात. बघता बघता हाळ्यांचा नुसता कल्लोळ उठला, पडद्यावरचा माळ धुळीने भरला. एवढी माणसं या खेळात नांदत होती! प्रसेनजीत आ वासून बघत राहिला.

शेवटी एकच म्हैस उरली. त्याची.

"आरं, हाळी दे की!"

त्याने फोन तोंडाशी धरला. हाक निघाली ती चिरकी, रडवेली. म्हशीने मान वर केली आणि ती धावत आली. आता ती त्याला याच आवाजाने ओळखणार होती.

संध्याकाळी त्याने जुन्या इंजिनाचा पेनड्राइव्ह गोठ्यात नेला आणि दाव्याशेजारी खुंटीला टांगला.