बारा व्होल्टचा इशारा

दवनीवाडा गावात खेमराज आणि त्याचा थोरला चुलतभाऊ घनश्याम यांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि शेतावर दोघांच्या धानाच्या बांध्यांमध्ये एकच धुरा, म्हणजे मातीचा बांध. हा धुरा कोणी कोणाकडे सरकवला यावरून दोघांचं बोलणं बंद पडलं, ते दोन्ही घरांत लग्नं-बारशी होऊन गेली तरी सुरू झालं नाही. घनश्यामनं नवा ट्रॅक्टर आणून अंगणात उभा केला, तेव्हा खेमराजनं त्या बाजूची खिडकीच उघडायची सोडली. धान विकलं गेल्यावर मात्र त्यानं ट्रॅक्टरला उत्तर द्यायचं ठरवलं.

उत्तर गोंदियाहून आलं. भिंतीला लागून असलेल्या खोलीत होम थिएटर बसलं. बसवणाऱ्या हेमेंद्रनं शेवटी हातात एक बारीक वायर घेतली.

"काका, ये देखो. रिसीव्हर चालू झाला की या वायरीतून बारा व्होल्ट जाते. तेवढ्यानं अॅम्प्लिफायर उठते, पडदा खाली येते. तुमाले उठाची गरज नाही. सब अपने आप."

"बारा व्होल्टनं काय होते?" खेमराजचा हिरमोड झाला होता.

"हे काम नाही करत, काका. हे फक्त सांगते, उठा म्हणून. काम कराचा करंट ज्याचा त्याले बोर्डातून भेटते."

हे मात्र खेमराजला फार आवडलं. त्याच्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा तीनदा सांगितल्याशिवाय येत नसे. इथं एकानं हळूच सांगायचा अवकाश, की बाकीचे निमूट उठून कामाला लागत होते.

सगळं गाव येऊन पाहून गेलं. येऊन गेलं नाही ते फक्त शेजारचं घर. खेमराज आवाज वाढवून पाही, भिंतीला कान लावून पाही. पलीकडून खोकलासुद्धा ऐकू येत नसे.

मग एका दुपारी खेमराज राइस मिलवर गेला होता आणि त्याची बायको शामकला बाजाराला. लाईट गेली आणि आली, तशी ती रोजच जात-येत असे. पण त्या दिवशी थिएटरमागचं भिंतीवरचं बटन चालूच राहिलं होतं. लाईट येताच डिशचा डबा जागा झाला, त्यानं रिसीव्हरला उठवलं, रिसीव्हरनं आपले बारा व्होल्ट सोडले, आणि कुलूपबंद घरात पडदा खाली येऊन बातम्यांतली चर्चा दणक्यात सुरू झाली.

खेमराज परतला तेव्हा दारात घनश्याम उभा होता.

"तुया घरात आठ-दहा मानसं भांडून राहिले," घनश्याम म्हणाला. इतक्या वर्षांनंतरचं हे त्याचं पहिलं वाक्य. "अन् कुलूप तर बाहेरून आहे. म्हणून आलो पाहाले."

खेमराजनं दार उघडलं. पडद्यावर पाहुणे एकमेकांवर ओरडत होते. रिमोट काही सापडेना. तोवर घनश्याम खुर्चीच्या कडेला टेकला. रिमोट सापडला, तर घाईत भलताच आकडा दाबला गेला आणि कबड्डीचा सामना लागला. खेमराज बंद करायला निघाला.

"राहू दे," घनश्याम म्हणाला.

सामना संपेपर्यंत दोघं एकमेकांकडे न पाहता बसले. जाताना घनश्यामनं बजावलं, "पुन्हा असा आवाज झाला तर मी येऊन सांगीन."

आवाज पुन्हा झाला, आणि तो येऊन सांगू लागला. लाईट गेली-आली की थोड्या वेळानं त्याच्या चपला दारात वाजत. कपाळाला आठ्या घालून तो आत येई आणि आपली खुर्ची धरी. धुऱ्याच्या खटल्याच्या तारखेला दोघं दोन मोटरसायकलींवर गोंदियाच्या कोर्टात जात, दोन वकिलांमागे तोंडं फिरवून उभे राहत. संध्याकाळी लाईट गेली, की घनश्याम पुन्हा तक्रार घेऊन हजर.

शेवटी शामकलानं हेमेंद्रला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "एक सेटिंग बदलाची आहे, काका. मग अपने आप उठणार नाही."

"हात नोको लावू," खेमराज म्हणाला.

"तुमीच तर बोलावलं."

"तुया काकीनं बोलावलं. चहा पी अन् जा."

मग गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसला. लोकांनी त्याला नारळ फोडला, पेढे वाटले. लाईट जायची बंद झाली. सगळं गाव खूश होतं. फक्त खेमराज उतरल्या तोंडानं खोलीत बसे आणि भिंतीकडे पाही. थिएटर तो स्वतः चालू करी, कबड्डी लावी, पण दारात चपला वाजत नसत. बोलवायला जावं, तर बोलणं बंद होतं.

एका संध्याकाळी तो उठला, मीटरच्या बोर्डाजवळ गेला, मेन स्विच खाली ओढला, थोडं थांबून वर केला. खोलीत पडदा करकरत खाली आला. शामकलानं स्वयंपाकघरातून वाकून पाहिलं आणि चहाचं पाणी वाढवलं.

घनश्याम आला, आणि आज जरा लगबगीनं आला.

"अजून सुधरवलं नाही काय हे?"

"पाहून राहिलो," खेमराज म्हणाला. "लाईट गेली होती ना."

"आमच्याकडे तर होती."

"इकडचीच गेली."

घनश्यामनं मीटरच्या बोर्डाकडे पाहिलं, मग खेमराजकडे. मग तो खुर्चीत बसला, पाय लांब केले आणि म्हणाला, "आवाज वाढव थोडा. घरून बरोबर ऐकू येत नोहोता."