पलीकडची हाक

भूकंप नोंदवणाऱ्या त्या केंद्रात सगळे त्याला मौनीबाबा म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. माणूस कामाला वाघ, पण स्वतःहून कोणाशी दोन शब्द बोलेल तर शपथ. बायको गेल्यापासून घरीही बोलायला कोणी उरलं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी फर्मान काढलं. त्याच्या संगणकाची, त्या युनिक्स वर्कस्टेशनची, डिस्क काठोकाठ भरली होती, नव्या नोंदींना जागाच नव्हती. "नको असलेले जादा प्रोग्राम संध्याकाळपर्यंत काढा. पण नीट काढा. मागे एक काढला नि चार बंद पडले, तसं नको."

हे त्याला सांगायची काय गरज? फाइली उपटून फेकणारा तो नव्हेच. प्रोग्राम शेवटचा कधी उघडला ती तारीख बघायची, त्याच्यावर दुसरा कुठला अवलंबून आहे का ते यंत्रालाच विचारायचं, मग काढायचा, आणि रजिस्टरात कारण लिहायचं. दुपारपर्यंत खेळ गेले, जादा फॉन्ट गेले, कोणी कधी न वाचलेली मदतपुस्तकं गेली. राहिला एकच. दोन केंद्रांना एकमेकांशी लिहून बोलता यावं म्हणून बसवलेला. पडद्याचे दोन भाग व्हायचे. वर आपण लिहायचं, खाली पलीकडच्याने.

पलीकडे दुसऱ्या केंद्रातल्या बाई असायच्या. चार वर्षं, रोज सकाळी नऊला त्या हाक मारायच्या, "हललं का काही तुमच्याकडे?" मग हा लिहायचा, आणि किती लिहायचा! तोंडाने जन्मात बोलला नसेल इतकं. बायकोच्या आजारपणाचं त्याने फक्त त्यांनाच सांगितलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी एके दिवशी हाक आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला वाटलं, कंटाळल्या असतील. आपलं रडगाणं रोज कोण ऐकणार? आपण कशाला मागे लागायचं?

यादीत मात्र या प्रोग्रामपुढे आजचीच तारीख होती. त्याला स्वतःचाच राग आला. रोज नऊला उघडून बघत होता ना, हाक आली का म्हणून! वापरणारा हा एकटा, आणि वापर कसला, तर वाट बघण्याचा. ती तारीख दाखवून प्रोग्राम ठेवता आला असता, पण ते मनाला पटेना. आणि काढला तर उद्या नऊला करायचं काय?

दोन टोकांचा प्रोग्राम काढताना पलीकडे कळवायचं, असा नियम होता. त्याने फोन लावला. उचलला एका नव्या ऑपरेटरने.

"तो होय? तो आमच्याकडे नाहीच. थांबा, रजिस्टर बघतो. हं, दोन वर्षं होत आली काढून. बाईंनीच काढलाय, निवृत्त होण्याआधी."

"कारण काय लिहिलंय?"

"लिहिलंय, रोज हाक मीच मारते. सहा आठवडे मुद्दाम थांबून पाहिलं. पलीकडून एकदाही हाक आली नाही. गरज दिसत नाही." ऑपरेटरने पान उलटलं. "त्यांच्या घरचा नंबर आहे इथे. देऊ का?"

"नको, त्यांना कशाला त्रास," सवयीने तो बोलून गेला आणि त्याने फोन ठेवला.

ठेवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. सहा आठवडे. त्यातल्या प्रत्येक सकाळी तोही इथे पडद्यापुढे बसून होता, कीबोर्डवर हात ठेवून. एक ओळ लिहायची होती फक्त. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसरं काही यावर अवलंबून नाही, काढू का, असं यंत्राने विचारलं. त्याने हो म्हटलं. रजिस्टरात कारणापुढे लिहिलं, 'मी कधीच हाक मारली नाही.' मग त्याने पुन्हा फोन लावला.

"मघाशी मीच बोललो होतो. तो नंबर द्या."

ऑपरेटर भराभर आकडे सांगू लागला.

"जरा हळू सांगा," मौनीबाबा म्हणाला. "मला नीट दिसत नाहीये."