रिकामी खुर्ची, उठणारी भिंत

मी खुर्ची बोलतेय. ‘बसा’ म्हणणार नाही. वाटेल त्याला मांडीवर घेणाऱ्यांतली मी नव्हे.

माझा जन्म कोफोरिदुआ शहराच्या बाजारामागे, ओडुम झाडाच्या टणक लाकडातून झाला. सुतार अबोल होता. त्यानं न बोललेलं सगळं माझ्यात साठलं असावं. कोको खरेदीच्या कचेरीत मी एकवीस वर्षं ओफोरिवाबाईंना पेललं. साहेब बदलले, शिक्के बदलले, बाई आणि मी तिथंच. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्यांना घड्याळ दिलं. बाईंनी ते परत केलं आणि मला मागून घेतलं. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे. माझ्या सगळ्या जळफळाटाचं मूळही तेच.

कारण घरी आल्यावर कळलं, की बाईंच्या आयुष्यात मी एकटी नाही. चुलीवर एक काळी हंडी होती. बुडाला पोचे, कडांना काजळी, ना पाठ ना हात. तरी बाई तासन्‌तास तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या.

दोन वर्षांनी घराच्या दुरुस्तीचं काम निघालं. बाईंच्या म्हाताऱ्या आईची, आदोबियाची, खोली मागच्या बाजूला. तिची मातीची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. ती पाडून सिमेंटच्या ठोकळ्यांची बांधायची ठरली.

“त्या भिंतीला लागूनच आईची खाट असणार,” बाई म्हणाल्या. “पडली तर आईवर पडेल. काम संपेपर्यंत मी इथून हलणार नाही.”

माल कालवायच्या जागेसमोर, आंब्याखाली त्यांनी मला ठेवलं. हंडी आत, मी बाहेर. काय सांगू, माझं लाकूड फुगलं.

ठेकेदाराचं नाव मास्टर आसियामा. एका गोणी सिमेंटला आठ घमेली वाळू, असं ठरलं होतं. पहिले दोन दिवस बाईंनी मोठ्यानं मोजलं.

“मास्टर, हे नववं.”

“मॅडम, अर्धंच तर आहे.”

“मग अर्धंच परत ढिगावर टाका.”

तिसऱ्या दिवशी बाईंनी गवंड्यांना जेवू घातलं. दारी राबणारा उपाशी गेला तर आमच्याकडे चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. ताडफळांचं कालवण, धुरावलेली मासळी, कंद कुटून केलेले फुफूचे मऊ गोळे. मास्टरनं बोटं चाटली.

“मॅडम, माझी बायको असं रांधत असती तर मी घर सोडून कामाला आलोच नसतो!”

बाई चक्क लाजल्या. कचेरीत एकवीस वर्षांत त्यांना कुणी लाजवलं नव्हतं. माझ्या मते तशी गरजही नव्हती.

“उद्या शेंगदाण्याचं कराल? पण ते सकाळपासून मंद आचेवर ठेवावं लागतं म्हणे. बसून कसं जमणार तुम्हाला?”

“ते मला शिकवू नका,” असं म्हणत बाई चौथ्या दिवशी सकाळीच आत गेल्या.

मी रिकामी. माझ्यासमोर एका गोणीला चौदा घमेली वाळू पडली. दुसऱ्या दिवशी पंधरा. खरं सांगते, मला भिंतीची काळजी नव्हती. माझे कान सवतीच्या रटरटण्याकडे होते. ‘पडू दे भिंत,’ मी मनात म्हटलं, ‘म्हणजे बाईंना कळेल, हंडीला डोळे नसतात.’ त्या भिंतीखाली कोण झोपणार, हे मी विसरूनच गेले. मत्सर माणसाला आंधळं करतो म्हणतात. लाकूडही त्यातून सुटत नाही.

भिंत पुरुषभर उंच झाली त्या दिवशी आदोबिया काठी टेकत आली. मला भिंतीपाशी ओढायला लावून माझ्यावर बसली. वजन पाखराएवढं.

“काय आजी, भिंत बघायला आलात?” मास्टर हसला.

“दिसतंय कुणाला बाबा?” म्हातारी म्हणाली, आणि काठीचं टोक ठोकळ्यांमधल्या सांध्यात खुपसलं. माल कसावा कंदाच्या रव्यासारखा भुरुभुरु तिच्या पायांवर सांडला.

“ओफोरिवा! आग विझव आणि बाहेर ये. यांनी तुझी भिंत रव्याची बांधलीय.”

बाई पळीसकट धावल्या. सांधा बोटानं खरवडला.

“मास्टर, गोणीला किती?”

“आठ, मॅडम.”

“मी कारकून होते, मास्टर.”

“...चौदा.”

“उतरवा सगळी.”

दुसऱ्या दिवशी मास्टर एकटा आला नाही. वस्तीतले सर्वांत थोर, नाना अन्सा, यांना पुढं घालून आला. थोरानं रदबदली केली की मोडता घालायचा नाही, ही आमची रीत, आणि मास्टरची सगळी भिस्त तिच्यावर. बाईंनी नानांना माझ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मगच येण्याचं कारण विचारलं.

“पोरगं चुकलं, ओफोरिवा. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून सोडून दे. वरून जाड गिलावा चढवून देईल तो.”

बाई उभ्याच होत्या. नाही म्हणावं, तर उद्या घरात कुणी वारलं तरी वस्तीतलं माणूस दारात यायचं नाही. हो म्हणावं, तर आई त्या भिंतीखाली निजणार. त्या क्षणी मला पहिल्यांदा हंडीचा विसर पडला.

“नाना, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही,” बाई सावकाश म्हणाल्या. “मास्टरला माफ केलं. पुढचं कामही तोच करेल. पण भिंतीच्या वतीनं कुणी रदबदलीला आलेलं नाही. ती पाडायची.”

नानांनी बराच वेळ गुडघे चोळले. मग खुदकन हसले.

“आसियामा, हातोडा आण.”

भिंत दुसऱ्यांदा उठली तेव्हा बाई अकरा दिवस माझ्यावरून हलल्या नाहीत. गवंड्यांना बाजारातली केंकी, आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, मिळायची. मास्टर ती मान खाली घालून गिळायचा, आणि घमेली आठावर थांबायची. हंडी पालथी पडून होती. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस.

आता मी आदोबियाच्या खोलीत असते. बाईंनी मला मुद्दाम तिच्यासाठी ठेवलंय. पण म्हातारी माझ्यावर बसत नाही. चटई टाकते आणि नव्या भिंतीला पाठ लावते. “गार आहे गं. घट्ट आहे,” म्हणते. संध्याकाळी बाईही तिच्या शेजारी जमिनीवर बसतात, भिंतीलाच टेकून. मलाही पाठ आहे, हे दोघींच्याही ध्यानात येत नाही. हंडीचं एक वेळ समजू शकते, ती पोट तरी भरते. पण ही भिंत! काल माझ्या डोळ्यांदेखत जन्मलेली!

तुमच्या घरी काम निघालं तर एवढं ऐका. खुर्ची टाका आणि शेवटचा ठोकळा बसेपर्यंत उठू नका. मात्र भिंत उभी राहिली, की तिला टेकण्याआधी घटकाभर त्या खुर्चीवरही बसा.