खोकल्याची नोंदवही

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला खोकला झाला की तो त्याच्या एकट्याचा राहत नाही. शिकणाऱ्याचा पाय ब्रेकवर जायला टपलेलाच असतो, त्याला फक्त निमित्त हवं असतं. मी खोकलो की गाडी थांबायची. मागचा हॉर्न वाजवायचा. हॉर्नला घाबरून शिकणारा क्लच सोडायचा आणि गाडी एक आचका देऊन बंद पडायची. एका खोकल्यात अख्खा चौक तुंबवायची ताकद आपल्यात आहे, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

घरी बायकोला मात्र या खोकल्याचा आनंद झाला. हे वाक्य चुकून लिहिलेलं नाही.

बायको सव्वीस वर्षं रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. रंगाचा प्रत्येक घाणा तिने तपासल्याशिवाय बाहेर जात नसे. गेल्या वर्षी तिथे एक यंत्र आलं. ते तेच काम करतं, शिवाय चहाला उठत नाही. बायको एक पुष्पगुच्छ आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आली. पहिले तीन महिने तिने घर तपासलं. दूध तपासलं, कपड्यांचा साबण तपासला, संध्याकाळी उशीर का झाला याबद्दलची माझी विधानं तपासली. मग एक दिवस तिने सुगंधी तेलांच्या कोर्सला नाव घातलं.

"तुझा विश्वास आहे त्या तेलांवर?" मी विचारलं.

"विश्वास कशाला हवा? बघायचंय."

कोर्सला बारा जण होते. बाकीचे अकरा जण सुगंध आवडतो म्हणून आले होते. बायको एका छोट्या वजनकाट्यासह गेली. पहिल्याच दिवशी तिने कोर्सच्या मॅडमना विचारलं, की थेंब म्हणजे नक्की किती, कारण बाटलीगणिक थेंब बदलतो. मॅडमनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. कौतुकाने की लक्ष ठेवायला, ते कळलं नाही.

कोर्सच्या शेवटी एक नोंदवही द्यायची होती. एक रुग्ण, एक तक्रार, किमान दोन आठवडे उपचार. ती मान्य झाली की सर्टिफिकेट. आणि सर्टिफिकेट मिळालं की पलीकडच्या गल्लीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आठवड्यातून तीन सकाळी बसायचं काम जवळपास ठरलेलं होतं. "घरात बसून मी तुम्हालाच तपासत राहीन," असं ती म्हणाली होती. त्यामुळे हे सर्टिफिकेट तिला जितकं हवं होतं, त्याहून मला जास्त हवं होतं.

अडचण एकच होती, रुग्ण नव्हता. माझ्याबद्दल तिच्या तक्रारी पुष्कळ होत्या, पण तेलाने जाईल अशी एकही नव्हती. आणि तेवढ्यात मी खोकलो.

"परत एकदा," ती म्हणाली.

"अगं, मागितला की येतो का तो?"

"कोरडा आहे. छान!" तिने नवी वही उघडली.

सोमवारपासून उपचार सुरू झाले. रोज संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर गरम पाण्याचं पातेलं, त्यात निलगिरीचे दोन थेंब, डोक्यावरून टॉवेल, डोळे मिटलेले, दहा मिनिटं. मग बदामाच्या तेलात मोजून मिसळलेली निलगिरी छातीला. आमची लेक बारावीला आहे. ती घड्याळ लावून समोर बसायची आणि टॉवेलखालच्या मला शब्दांचे चिमटे काढायची.

"बाबा, जिवंत आहात ना?"

"तुझ्या आईला विचार. वहीत असेल."

टॉवेलमधून बाहेर आलो की बायको पेन सरसावून विचारायची, "आजचा त्रास, दहापैकी?"

"आठ."

"कालही आठच होता."

"काल मी खोटं सांगितलं असं वाटतंय का?"

पहिला आठवडाभर मी आठच सांगत राहिलो. खरं तर मी काही मोजत नव्हतो. एकदा आकडा ठरवला की तो बदलायला कारण लागतं, आणि टॉवेलखाली बसलेल्या माणसाला कारणं सुचत नाहीत. गाडीत निलगिरीचा इतका वास भरला होता की एका शिकणाऱ्याने सीटबेल्ट लावण्याआधी विचारलं, "सर, कोणी आजारी आहे का?"

माझ्याकडे तेव्हा एक औषधवाल्या बाई शिकत होत्या. चौकातलं औषधांचं दुकान त्यांचंच. वय बावन्न. कागदावर डॉक्टरांनी काय गिरबटलंय ते त्या उलट्या बाजूनेही वाचतात, पण रिव्हर्स गिअर टाकला की डोळे मिटतात. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी तास संपल्यावर त्यांनी गाडी बंद केली आणि चावी हातातच धरून बसल्या.

"सर, शनिवारी माझी परीक्षा आहे."

"होईल सगळं नीट."

"काय नीट होतंय? तुम्ही खोकलात की मी ब्रेक मारते. मला तीच सवय लागलीय. आता परीक्षा घेणारा माणूस ठणठणीत निघाला तर मी थांबायचं कशावर?"

त्यांनी पर्समधून सिरपची बाटली काढली. "सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा. आणि तीन आठवड्यांच्या वर लांबला तर मुकाट्याने डॉक्टरकडे जायचं."

"घरी तेलाचे उपचार चालू आहेत हो."

"मग? मी घरी येऊन सांगणार आहे का?"

मी बाटली गाडीच्या कप्प्यात 'एल'च्या जादा पाट्यांखाली ठेवली. वाटलं, यात वाईट काय? मी बरा झालो की बायकोची वही पूर्ण, औषधवाल्या बाईंची परीक्षा पास, चौक मोकळा. इतक्या लोकांचं भलं करणारी लबाडी मी याआधी केली नव्हती.

त्याच संध्याकाळी बायकोने सांगितलं, की आजपासून दुसरं मिश्रण. वास गोड होता, ओळखीचा वाटत होता, पण नाव आठवेना. छातीला लावायचं तेलही बदललं होतं. शिकणाऱ्यांना आता तासाच्या मध्यावर भूक लागायला लागली. मला मात्र चमच्यागणिक बरं वाटत होतं. मंगळवारी मी सहा सांगितला, गुरुवारी चार, शनिवारी एक. सिरप घेतोय म्हटल्यावर आकडा खाली आणायला मला कारण मिळालं होतं. औषधवाल्या बाई त्याच शनिवारी न खोकणाऱ्या परीक्षकाच्या शेजारी बसून पास झाल्या.

मी खुशीत होतो. बायको नव्हती.

आकडा जसजसा उतरत गेला तसतसा तिचा चेहराही उतरत गेला. सोमवारी ती वही समोर ठेवून बसली. मंगळवारीही बसली. बुधवारी मी दुपारच्या जेवणाला घरी आलो तर वही बंद होती आणि बायको चक्क चमचे पुसत होती. आमचे चमचे कोणी पुसत नाही.

"वही शुक्रवारी द्यायची ना?" मी विचारलं.

"नाही देणार."

"का? मी बरा झालो की!"

"तेच तर!" ती चमचा आपटून म्हणाली. "दुसऱ्या आठवड्यात मी तुम्हाला काय दिलं माहितीय? व्हॅनिला. केकमध्ये घालतात ते इसेन्स. छातीला बदामाचं तेल, त्यातही वासापुरतं तेच. तुम्हाला कळू न देता तुलना करायची होती मला, कारखान्यात करायचो तशी. निलगिरीने आठचा आठ राहिला, आणि व्हॅनिलाने माणूस बरा झाला! हे मी लिहून देऊ? पुढच्या महिन्यात लोक खोकल्याला केक खातील."

लेक कॉलेजला जायच्या गडबडीत होती. ती पायात बूट घालता घालता म्हणाली, "आई, मग व्हॅनिलाचं लिहूच नको ना. फक्त निलगिरी लिही, आणि दोन आठवड्यांनी बाबा बरे. कोणाला कळणार आहे?"

"ती नोंद झाली का? ती जाहिरात झाली," बायको म्हणाली. "सव्वीस वर्षांत एकदाही केलं नाही ते आता करू? नको मला ते सर्टिफिकेट. दवाखान्यात फोन करून सांगते मी, दुसरं कोणीतरी बघा म्हणून."

ती खरंच फोनकडे निघाली. आणि मला कळलं, की सगळ्यांचं भलं करायच्या नादात मी एका माणसाचं काम बसल्या जागी घालवलंय.

"थांब," मी म्हणालो. "फोन नको करू. मी सिरप घेत होतो."

लेक एक बूट हातात धरून उभी राहिली.

"कोणतं?" बायकोने विचारलं.

"औषधवाल्या बाईंनी दिलेलं. गाडीत ठेवलंय."

"कधीपासून?"

"गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून."

"सोमवारी किती वाजता? तासाच्या आधी की नंतर? चमचा कोणता, घरचा की बाटलीबरोबरचा? जेवणाआधी?"

मी तिच्या रागावण्याची वाट बघत होतो, आणि ती वहीत नवा रकाना आखत होती. ओरडा खाणं यापेक्षा सोपं असतं. मला सोमवारी दुपारी काय जेवलो तेही आठवावं लागलं.

"बाबा, तुम्हीही?" लेक म्हणाली. "मला वाटलं एकटी आईच फसवतेय."

"तुला व्हॅनिलाचं माहीत होतं?"

"पातेल्यात मीच तर ओतत होते. आईने शपथ घातली होती."

"रागावायचं राहिलंय," बायको मान वर न करता म्हणाली. "ते नंतर. आधी सांगा, तुम्ही जे आठ-आठ सांगत होता ते मोजून सांगत होता का?"

"नाही."

"वाटलंच. म्हणजे माझ्याकडे एकही खरा आकडा नाही. दिवसभरात कुठेतरी, कोणीतरी, न सांगता मोजलं असेल असं काही आहे का तुमच्याकडे?"

मी नाही म्हणणार होतो. मग औषधवाल्या बाईंचं कार्ड आठवलं. प्रत्येक शिकणाऱ्याच्या तासाच्या चुका आम्ही कार्डावर लिहितो. सिग्नल न देणं, आरसा न बघणं, विनाकारण ब्रेक. बाईंना विनाकारण ब्रेक मारायला एकच कारण होतं. मी खाली जाऊन गाडीतून कार्ड आणलं.

पहिल्या आठवड्याचा सोमवार, चौदा ब्रेक. मंगळवार चौदा. बुधवार पंधरा. गुरुवार बारा, शुक्रवार दहा, शनिवार आठ. दुसऱ्या आठवड्याचा सोमवार सहा, आणि हा तास सिरपच्या आधीचा. मग पाच, चार, तीन, दोन. परीक्षेच्या सकाळी एक.

बायकोने आलेखाच्या कागदावर ठिपके टाकले. पट्टी लावायची गरजच पडली नाही. घसरगुंडीवरून पोरगं उतरावं तसा खोकला पहिल्या गुरुवारपासून खाली येत होता. निलगिरी थांबली तिथे तो अडखळला नव्हता, व्हॅनिला आली तिथे बिचकला नव्हता, आणि सिरपची तर त्याने दखलही घेतली नव्हती.

"जाणाराच होता तो," बायको म्हणाली. "आपण सगळे नुसते दारात उभं राहून त्याला निरोप देत होतो."

"म्हणजे निलगिरी निकामी?"

"असं कुठे म्हटलं मी? एका माणसावरून, तेही तुमच्यावरून, काही सांगता येत नाही. वाफेनंतर घसा मोकळा वाटायचा का?"

"वाटायचा." हे मात्र मी खरं सांगितलं. "आणि दहा मिनिटं कोणी काही विचारत नाही, ते बरं वाटायचं."

तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

जेवण राहिलं ते राहिलंच. लेक पहिला तास बुडवून कार्डाची नक्कल करत बसली, आणि मी साडेतीनच्या शिकणाऱ्याला फोन करून चारला बोलावलं. निष्कर्षाच्या जागी बायकोने लिहिलं: 'सांगता येत नाही.' खाली रुग्णाने चोरून औषध घेतल्याची नोंद, तारखेसह. त्याखाली तपासणाऱ्यानेही रुग्णाला फसवल्याची नोंद, तीही तारखेसह. शुक्रवारी ती वही देऊन आली आणि दवाखान्याला फोन केला नाही. म्हणाली, आता नापास झाले तरी हरकत नाही, नीट नापास होईन.

मंगळवारी कोर्सच्या मॅडमचा फोन आला. तो मी घेतला.

"तुम्ही ते सिरपवाले का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "बाईंना द्या."

बायको बराच वेळ नुसती "हो, हो" करत होती. मी आणि लेक तिच्या तोंडाकडे बघत उभे. फोन ठेवून तिने सांगितलं, की सर्टिफिकेट गुरुवारी मिळेल, दवाखान्यात पुढच्या सोमवारपासून बसायचं. शिवाय मॅडमनी विचारलंय, बाकीच्या अकरा वह्या तपासून देता का म्हणून. कारण अकराही रुग्ण तिसऱ्या दिवशी बरे झालेत, आणि मॅडमना आतापर्यंत यात काही खटकत नव्हतं, पण आता खटकायला लागलंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा टेबलावर वह्यांची चळत होती. बायकोने केस वर बांधले होते, कानाला फोन होता, लाल पेन हातात. इतकी तरतरीत ती गेल्या वर्षभरात दिसली नव्हती. मला हाताने गप्प बसायची खूण करून ती फोनवर गोड आवाजात म्हणाली, "नाही हो, वही सुंदरच आहे. अक्षर तर फारच छान. मला फक्त तुमच्या काकांबद्दल विचारायचं होतं, तिसऱ्या दिवशी बरे झाले ते. हो ना, कमालच म्हणायची. बरं, मग त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का? नाही? का बरं?"

बायकोने पेनाचं टोपण काढलं.

"अहो, घाबरू नका," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, काका मुळात आहेत का?"