ओच्यातलं वजन

देवश्रीने पिस्तुलाची स्लाइड मागे ओढली, सोडली, पुन्हा एकदा ओढली आणि ते काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवून दिलं.

"हे नको. याला दोन हात लागतात. माझा एक हात पेटीवर असणार."

शंकरसिंगांनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिलं. हिंगोलीच्या बाजारपेठेतलं त्यांचं हत्यारांचं दुकान वडिलांपासून चालत आलेलं. येणारा जो तो आधी विचारायचा, किती लांब मारतं. पेटीवरच्या हाताचा हिशेब कुणी सांगितला नव्हता.

"फिर रिव्हॉल्व्हर देखो, ताई. बत्तीस बोअर. एका हाताचं काम."

त्यांनी दोन काढले. एक लहान, मखमली डबीतला, खास बायकांसाठी म्हणून आलेला. देवश्रीने तो मुठीत धरला. तीन बोटं बसली, करंगळी हवेत राहिली. तिने तो तसाच शंकरसिंगांना दाखवला. त्यांनी डबी मिटली.

"अहो, मोठं काढा की," मागच्या स्टुलावरून गोपाळकाका म्हणाले. "लांब नळीचं. गोरेगावात जीपमधून उतरलो की चार माणसायनं बघितलं पायजे. बघितलं की निम्मं काम झालं."

"बघितलं की पहिल्यांदा तेच हिसकावतील, काका."

"हिसकावतेत! म्या काय बसल्या बसल्या बघून राहीन का?"

काकांनी डावा हात वर केला. मनगट किंचित वाकडं जुळलं होतं. त्या हाताकडे बोट दाखवायची वेळ आता कुणावर येत नसे. गोरेगावात तो सगळ्यांना माहीत होता.

गावदेवीचे दागिने, म्हणजे पुतळ्यांची माळ, कमरपट्टा, नथ आणि सोन्याचे डोळे, वर्षभर हिंगोलीच्या बँकेत लॉकरमध्ये असत. घटस्थापनेच्या आधी ते गावात आणायचे आणि दसरा झाला की परत ठेवायचे, हे देवश्रीच्या घराकडे पिढ्यांपासूनचं काम. लॉकरची चावी आधी वडिलांकडे होती, ते गेल्यावर आईकडे. दागिन्यांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायचा मान मात्र तीस वर्षं गोपाळकाकांचा. मागच्या साली सेनगावच्या पुढे मोटारसायकलवरच्या दोघांनी जीप अडवली, पेटीला हात घातला. काका पेटीसकट रस्त्यावर पडले, फरपटले, मनगट मोडलं, पण पेटी सोडली नाही. मागून एसटी आली आणि ते दोघे पळाले. दसऱ्याला गावाने काकांना शाल, श्रीफळ दिलं.

यंदा आईचे गुडघे चालत नव्हते. चावी देवश्रीकडे यायची होती. वडिलांमागे पूजा तीच करत होती, त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. पण दागिने म्हटल्यावर पंचांच्या कपाळावर आठ्या पडल्या. कुणी म्हणालं, चिन्मयकडे द्या. चिन्मय काकांचा मुलगा. शेवटी असं ठरलं की देवश्रीला हत्याराचा परवाना मिळाला, आणि ते ती सांभाळू शकते असं गोपाळरावांनी स्वतः बघून सांगितलं, तर चावी तिची. परवाना यायला दहा महिने गेले. उद्या बैठक होती. काका काय सांगणार, याची देवश्रीला खात्री नव्हती. आपलाच मुलगा रांगेत असताना माणूस काय सांगेल?

दुसरा रिव्हॉल्व्हर तिच्या हातात बरोबर बसला. चाप कडक होता, पण बोट पुरतं पोचत होतं. तिने नळी जमिनीकडे ठेवून तो सहा वेळा रिकामा चालवला. सहाव्या वेळीही हात हलला नाही.

"हा," ती म्हणाली.

"बराबर," शंकरसिंग म्हणाले आणि खालच्या कप्प्यातून तपकिरी म्यान काढलं. "अस्सल चमड्याचं. कमरेला लावा, पदर वरून घ्या."

"चामडं न्हाई चालत," दारापाशी खुर्चीत बसलेल्या रुख्मिणीबाई तासाभरात पहिल्यांदा बोलल्या. "देवीचं अंगावर असतंय."

ही देवश्रीची आई; नऊवारीत होती, काठी गुडघ्यांना टेकवलेली. शंकरसिंगांनी म्यान ठेवून दिलं आणि जाड खादीची एक पिशवी शोधून आणली.

"आता बघू," काका स्टूल पुढे ओढत म्हणाले. "घाल ती, आन् चाल. मला दिसलं तर चोराला दिसंल."

रिव्हॉल्व्हर रिकामा असल्याचं शंकरसिंगांनी पुन्हा एकदा उघडून दाखवलं. देवश्री कपाटाच्या आडोशाला गेली, पिशवी डाव्या कमरेला खोचली, पदर घेतला आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली.

"डाव्या अंगाला," काका लगेच म्हणाले.

तिने जागा बदलली.

"मागं. मधोमध."

तिसऱ्यांदा तिने पिशवी पोटावर घेतली, पदर दुहेरी केला. काका हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. जिंकणाऱ्याला येतं तसं ते आपोआप आलं होतं.

"पोरी, तुझा हात सारखा तिकडंच जाऊन राहिला. सांगायचीबी गरज न्हाई. चिन्मयचं कसं, शर्ट सोडला बाहेर की झालं. तुला काहून ही तकलीफ?"

देवश्रीने रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवला आणि पिशवीचा बंद नव्याने बांधू लागली. चौथ्यांदाही ती चालणार होती, पाचव्यांदाही. दुकान बंद व्हायला अजून बराच अवकाश होता.

"आण इकडं," आई म्हणाली.

"माँजी, परवाना यांच्या नावाचा आहे," शंकरसिंग म्हणाले.

"मला कुठं न्यायचंय ते? तुमच्यासमोरच हाय." रुख्मिणीबाईंनी तो पिशवीसकट तळहातावर घेतला. दोनदा वरखाली केला, भाजीवाल्याकडची वांगी जोखावीत तसा. "तीन पाव. तेवढंच हाय."

"कशाएवढं?" देवश्रीने विचारलं.

आई काठी टेकत कपाटाच्या आडोशाला गेली होती. बाहेर आली ती काठीशिवाय. गुडघ्यांमुळे चाल थोडी डुगडुगती होती, नेहमीइतकीच. ती दारापर्यंत गेली. परत येऊन माठातलं पाणी प्याली. मग भिंतीला हात देत खाली फरशीवर बसली, पदराने कपाळ पुसलं आणि तशीच हात देत उठली.

काका वाकून बघत होते. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"वैनी, ठेवून दिलं व्हय तिकडंच?"

रुख्मिणीबाईंनी निऱ्यांशी, पोटाशी हात नेला. लुगड्याचा ओचा होता तिथे, वरची घडी सोडली आणि खादीची पिशवी काढून काकांच्या हातात दिली.

काकांनी ती घेतली. पिशवीकडे पाहिलं, मग वहिनींच्या ओच्याकडे, आणि अनोळखी बाईकडे चुकून बघितल्यासारखी नजर चटकन खाली वळवली.

"हे तुमाला कुठून जमलं, वैनी?"

"सवय हाय."

रस्त्यावरून हळदीच्या पोत्यांचा टेम्पो गेला. काउंटरची काच थरथरली आणि थांबली. देवश्री काकांच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती. लॉकरच्या खोलीत आई तिला कधी आत येऊ देत नसे. मला एकटीला मोजू दे, म्हणायची. बाहेर यायला नेहमी उशीर लागायचा.

"पहिल्यापासून?" काकांनी विचारलं.

"तुमचे भाऊ म्हणाले व्हते, पेटी समद्याला दिसती. तवापासून."

"मागच्या सालीबी?"

रुख्मिणीबाईंनी पदर सारखा केला.

"मागच्या सालीबी."

"मग पेटीत काय व्हतं?"

"पाच नारळ. आन् देवीचं जुनं लुगडं, खडखड वाजू नये म्हनून."

शंकरसिंगांनी हिरवं कापड झटकायला घेतलं, खरं तर त्यावर काही नव्हतं. काकांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं आणि ते हळूहळू फिरवून बघितलं.

"सांगायचं तरी," ते म्हणाले.

"कसं सांगू, भाऊजी? तुमी सोडली न्हाई पेटी. सोडली असती तर ते दोघं उघडून बघते. मग जीपमधी कोन राहिलं, मी आन् ही पोरगी." मग त्या म्हणाल्या, "ती शाल बराबरच दिली गावानं."

काकांनी पिशवी देवश्रीपुढे धरली.

"ओच्यात घे," ते म्हणाले. "आन् वैनीसारखं चाल."

तिच्या अंगावर सहावारी होती, पण आईने कपाटाआड नेऊन निऱ्या उलट्या मुडपून पिशवीपुरती घडी करून दिली. "अंगावर असतंय हे विसरायचं न्हाई," आई कानाशी म्हणाली, "फक्त हाताला विसरू दे." देवश्री चालली. दारापर्यंत गेली, पाणी प्याली, खाली बसून उठली. काकांनी अगदी शेवटपर्यंत बघितलं. मग स्टूल मागे सरकवून उठले.

शंकरसिंगांनी परवान्यावर नंबर लिहिला, शिक्का मारला, काडतुसांची वेगळी पुडी दिली, आणि ठाण्यात जाऊन नोंद करायची आठवण दोनदा केली. ठाण्यातलं काम तासाभरात झालं. तिथून जीपच्या थांब्याकडे जाताना काका चार पावलं मागे राहिले आणि त्यांनी गावातल्या एका पंचाला फोन लावला.

"संतरामजी, गोपाळ बोलून राहिलो. व्हय, बघितलं म्या... उद्या चिन्मयचं नाव काढूच नका. चावी देवश्रीकडं. हां, माझ्या नावानं लिहा."

गोरेगावची जीप निम्मी भरली होती. हिंगोलीत कोण कशाला आलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रायव्हर फुलसिंगने मागचं दार उघडतानाच विचारलं,

"काय गोपाळराव, घेतली का बंदूक? दाखवा की जरा."

आतली तोंडं वळली. कुणी मोबाइल खाली ठेवला. गावात अशी गोष्ट सांगायची संधी काकांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. त्यांनी देवश्रीला आत चढू दिलं, वहिनींना हात देऊन वर घेतलं, आणि स्वतः दारालगतच्या जागेवर टेकले.

"कशाची बंदूक," ते मोठ्याने म्हणाले. "एकबी पसंत पडली न्हाई."

"दिवसभर बसून एकबी न्हाई?"

"आमच्या घरच्या बायायला काही लवकर पसंत पडतंय व्हय, फुलसिंग? लुगड्याच्या दुकानात नेलं असतं तर मुक्कामच पडला असता."

जीपभर हशा पिकला. रुख्मिणीबाईही पदर तोंडाला लावून हसल्या.