ओळी ठेवायची जागा

खोली रिकामी झाली रविवारी आणि गाणं हरवलंय हे लक्षात आलं बुधवारी. मधले तीन दिवस चंपाबाई सुखात होती.

सुखात होती हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळा दोष सुनेच्या माथी जाईल. दीपिकानं चोरून काही केलं नव्हतं. घर परळच्या चाळीत, आणि ती परळलाच एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाईप करायची. तिथे एका बाईंचं भाषण झालं होतं, घरातला पसारा माणसाच्या डोक्यात कसा जाऊन बसतो म्हणून. त्या दिवशी घरी आल्यावर ती चहाचा कप ठेवायला जागा शोधत राहिली. शेवटी कप हातातच धरून म्हणाली, "आई, आपल्या घरात माणसं तीन आणि डबे एकसष्ट. मोजले मी."

"मग? माणसं वाढवायची का?" चंपाबाई म्हणाली.

"डबे कमी करूया."

चंपाबाईलाही मनातून कुतूहल होतंच. दहा बाय बाराच्या त्या खोलीत ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं वस्तू आत येताना पाहिल्या होत्या, बाहेर जाताना फारशा नाहीत. सगळ्याच्या तळाशी काय आहे ते बघू तरी, म्हणून तिनंच आधी पदर खोचला. न फिरणारा टेबलफॅन, पत्र्याची मोठी ट्रंक, चीर गेलेल्या दोन बरण्या, माळ्यावरची पोती, जुन्या कॅलेंडरांची चळत. तिच्या मुलानं, राजरत्ननं, हातगाडी आणली. संध्याकाळपर्यंत मोरीसमोरची भिंत दिसायला लागली. ती भिंत निळी आहे हे चंपाबाई विसरूनच गेली होती.

पुढचे तीन दिवस तिचा गुडघा कशावर आपटला नाही. झोप चांगली लागली. चार्जर कुठाय, रुमाल कुठाय, ही राजरत्नची आणि दीपिकाची सकाळची कुरबुर थांबली. राजरत्न दाढी करताना शीळ घालायला लागला. एका भिंतीनं एवढं होतं, याचं चंपाबाईला मोठं नवल वाटलं.

बुधवारी बकुळाबाई आली. ती चाळीच्या महिला मंडळाची अध्यक्ष, वयानं चंपाबाईहून मोठी. रमाई जयंतीला, सात फेब्रुवारीला, मंडळाच्या कार्यक्रमाचं पहिलं गाणं नवं असायचं आणि ते चंपाबाईनं बांधलेलं असायचं. अठरा वर्षं यात खंड पडला नव्हता.

"झालं का गं गाणं? शनिवारी तालीम आहे."

"झालंय की. चार कडवी झाली, एक राहिलंय."

"म्हण मग."

चंपाबाईनं गळा साफ केला, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. दुसरी येईना. डोळे उघडले, तरी येईना. भाजी निवडताना, भांडी घासताना, महिनाभर ती चार कडवी घोळवत होती. आता त्या जागी नुसती निळी भिंत दिसत होती.

बकुळाबाई समजुतीच्या आवाजात म्हणाली, "वय होतं बाई सगळ्यांचं. शनिवारपर्यंत नाही जमलं तर सांग. माझ्या भाचीच्या मोबाईलवर म्युझिकसकट गाणी आहेत. बटण दाबलं की झालं."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. चंपाबाईनं घरकामं केली होती, गिरणीच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापल्या होत्या, पण चाळीत तिला लोक ओळखायचे ते गाणं बांधणारी म्हणून. तेवढंच तिचं स्वतःचं होतं.

लिहून का नाही ठेवलं, असं कुणीही विचारेल. अक्षरं ती एक्कावन्नाव्या वर्षी शिकली, विहाराच्या बाहेरच्या खोलीत भरणाऱ्या प्रौढांच्या साक्षरता वर्गात. वाचायची बरं. लिहिताना मात्र एक ओळ कागदावर उतरेपर्यंत पुढच्या दोन उडून जायच्या. त्यामुळे गाणी डोक्यातच असायची.

गुरुवारी संध्याकाळी राजरत्न कामावरून आला तेव्हा आई भिंतीसमोर उभी होती, उजवा हात खांद्याएवढा वर.

"आये, हवेत काय शोधतेस?"

"इथं काय होतं रे?"

"कुठं?"

"माझा हात आहे तिथं."

"फॅन होता. दहा वर्षं बंद."

"वारा होऊन रमाई दारोदारी हिंडली," चंपाबाई म्हणाली. म्हणाली आणि स्वतःच दचकली. दुसरी ओळ होती ती.

तिनं हात खाली आणला. तिथं काय होतं ते तिला आठवत होतं, ट्रंक होती. पण ट्रंक नुसती आठवून भागेना. दीपिका ओट्यापाशी कुकर लावत होती, ती हात पुसत आली. "थांबा, आई. माझ्याकडे आधीचा फोटो आहे." भाषण देणाऱ्या बाईंना दाखवायला तिनं दोन फोटो काढले होते, पसारा असताना एक आणि नसताना एक. तिनं आधीचा काढून मोबाईल सासूच्या हातात दिला आणि दोन बोटांनी मोठा कसा करायचा ते दाखवलं.

चंपाबाईनं बोटानं फोटो सरकवला. ट्रंकेवर तिसरी ओळ होती. बरणीवर चौथी. कॅलेंडरांपासून दुसरं कडवं सुरू होत होतं. माळ्याच्या पोत्यांपर्यंत जाता जाता चारही कडवी आली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. दीपिका जुन्या डायरीत भराभर उतरवून घेत होती. कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नाहीत.

"मी ह्यांच्यावर ठेवत होते गं," चंपाबाई म्हणाली. "आणि मलाच ठाऊक नव्हतं."

दीपिकाला हुरूप आला. "गेल्या वर्षीचं पण सांगा. सगळीच उतरून ठेवू."

चंपाबाईनं त्याच फोटोवरून गेल्या वर्षीचं सांगितलं. मग त्याच्या आधीच्या वर्षीचं. चौथ्या गाण्याला दीपिकाचं पेन थांबलं.

"आई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवू."

"फॅनवर दरवर्षी वाराच येतोय. ट्रंकेवर माय. बरणीवर मीठभाकर. बघा तुम्ही." तिनं डायरी पुढे केली.

चंपाबाईनं बोट ठेवून सावकाश वाचलं. वारा, वारा, वारा, वारा. खाली माय, माय, माय, माय. स्वतःची गाणी कागदावर एकाखाली एक तिनं कधी पाहिलीच नव्हती.

"म्हणजे अठरा वर्षं मी एकच गाणं म्हणतेय?"

"चाल वेगळी असायची, आये," राजरत्न म्हणाला.

"तू गप बस."

पण ती रागावली नव्हती. तिला कोडं पडलं होतं. वारा तिला सुचला होता की बंद पडलेल्या फॅननं सुचवला होता? पसारा होता म्हणून गाणी टिकली हे खरं, आणि पसारा होता म्हणून नवी ओळ ठेवायला जागाच नव्हती हेही खरं दिसत होतं. दोन्ही एकदम खरं कसं, याचा विचार करत ती जेवली.

"दिलं हेच तरी काय बिघडतंय," दीपिका ताटं उचलताना म्हणाली. "लोकांना आवडतं."

बिघडत काहीच नव्हतं. गाणं हातात होतं, भाचीचा मोबाईल लागणार नव्हता. तरी शुक्रवारी दुपारी, घरात कुणी नसताना, चंपाबाई ट्रंक होती त्या जागी जाऊन जमिनीवर बसली. पाठ निळ्या भिंतीला टेकवली. एवढ्या वर्षांत तिथून तिनं खोली पाहिली नव्हती, पाहणार कशी, तिथं बसायला जागा कुठे होती. तिथून ओट्याची खालची बाजू दिसत होती. मोरीचा झिजलेला उंबरा दिसत होता. दारातून गॅलरीतल्या लोकांचे नुसते पाय जाताना दिसत होते, आणि कुणाचे ते ओळखायची गंमत वाटत होती.

पहिली पाच मिनिटं मात्र अस्वस्थ गेली. पुसायला काही नव्हतं, हलवायला काही नव्हतं. कामं आटपली होती, हात मोकळे होते. मग एकदम तिच्या मनात आलं, की कामं आटपल्यावर रमाई कुठं बसत असेल? ह्याच परळात, अशाच चाळीच्या खोलीत राहिलेली बाई. चंपाबाईनं तिला शेणी थापायला लावली होती, उपाशी ठेवली होती, साहेबांची वाट बघत उभी ठेवली होती. अठरा वर्षांत एकदाही तिला खाली बसू दिलं नव्हतं.

शेणी झाल्या थापून, भांडी झाली घासून,
सांग गं रमाई, तू बसायचीस कुठं?

एवढंच आलं. पुढचं येईना, आणि आलेलं ठेवायला काही नाही. म्हणून दीपिका येईपर्यंत दोन तास ती त्याच दोन ओळी म्हणत बसली.

शनिवारी विहाराच्या त्याच बाहेरच्या खोलीत तालीम होती. अकरा बायका आल्या. दीपिका डायरी घेऊन कोपऱ्यात बसली. चंपाबाईनं आधी चार कडव्यांचं म्हटलं. तिची दुसरी ओळ संपायच्या आत बायकांनी तिसरी धरली, न सांगता. बकुळाबाईनं मान डोलावली. "छान. झालं की मग. आपल्याला येतंच आहे."

"येतंच आहे, तेच म्हणते मी," चंपाबाई म्हणाली. "आता हे ऐका." आणि तिनं त्या दोन ओळी म्हटल्या.

बकुळाबाईनं चष्मा वर सरकवला. "पुढं?"

"पुढं नाही."

"अगं, पहिलं गाणं वंदनाचं असतं. त्यात असं विचारतात होय, बसायचीस कुठं?"

"का, विचारल्यानं वंदन होत नाही?"

"माझ्या भाचीला फोन लावू का?"

"चुलीपाशी बसत असेल," मागून प्रिती म्हणाली. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि ती तालमीत कधी बोलायची नाही.

"चुलीपाशी बसलं की परत काम दिसतं," दुसरी म्हणाली. "गॅलरीत बसत असेल. वारं असतं."

"पुन्हा वारं नको," दीपिका कोपऱ्यातून म्हणाली.

"आणि गॅलरीत शेजारणी येतात गप्पा मारायला. ते बसणं नव्हे."

"मग आजारी मुलाच्या उशाशी."

"ते पण कामच झालं की."

खोलीत गलका झाला. प्रत्येकीला रमाईच्या निमित्तानं आपली बसायची जागा आठवत होती, आणि बऱ्याच जणींना ती सापडत नव्हती. मग बकुळाबाईनं मांडीवर थाप मारली, तशा सगळ्या गप्प झाल्या.

"खुर्चीवर," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"साहेबांच्या. साहेब परदेशी शिकायला. म्हणजे खुर्ची रिकामीच असणार. कामं झाल्यावर, दार लोटून, बसून बघितलं असेल एकदा." तिनं बायकांकडे एक नजर टाकली. "काय बघताय? मी बसले असते."

ही ओळ चंपाबाईला एकटीला जन्मात सुचली नसती.

"बकुळाबाई, हे परत म्हण. सावकाश," ती म्हणाली. "दीपिका, लिही. आणि प्रिती, तुझी चूल पण दे इकडे."

"अगं पण चाल?" बकुळाबाई म्हणाली. "आठवडाच राहिलाय. चाल काय, ती पण आम्हालाच विचारून लावणार?"

"तू म्हण तर," चंपाबाई म्हणाली, आणि ऐकायला तिच्याजवळ सरकून बसली.